राहून गेलेला कडू घास

"आधी घास घे माय, मग रड. रडायला सारी उमर पडली हाय."

धुरपताबाईचं हे बोलणं शिरूर अनंतपाळच्या अलीकडच्या पलीकडच्या कितीतरी गावांनी ऐकलेलं होतं. ज्या घरातून मयत निघाली, त्या घराने तर ऐकलंच होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही. माणसं माती देऊन परततात, दारातच अंगावर पाणी घेतात, ओल्या केसांच्या बाया भिंतीला पाठ लावून बसतात. मग शेजारचे, भावकीतले, सोयरे दुरडीत भाकरी आणि पातेल्यात बेसन घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. त्या बेसनात मीठ बरोबर असतं, तिखट बरोबर असतं. कडू असतं ते खाणाऱ्याचं तोंड.

पण आणून ठेवलं म्हणून कोण खातं? ज्या बाईचा धनी आता मातीआड झाला, तिच्यापुढे तुम्ही ताट सरकवा, ती ताटाकडे बघतसुद्धा नाही. तिथे धुरपताबाई लागायची. ती यायची, दुःखाच्या बाईसमोर ऐसपैस मांडी घालायची, ताट दोघींच्या मधे ओढायची आणि पहिला घास आपल्या तोंडात टाकायची. चांगला मोठा घास. "हे बघ, मी खाल्ला. आता तुझा." समोरची मान हलवायची. धुरपताबाई दुसरा खायची, तिसरा खायची. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं आणि तोंड चालू असायचं. एवढी थोरली बाई आपल्यासाठी रडत रडत जेवते आहे, हे बघून दगडाचंही तोंड उघडलं असतं. शेवटी एक घास आत जायचा, त्यामागून हंबरडा बाहेर यायचा, आणि आसपासच्या बायका मोकळा श्वास सोडायच्या. गावात म्हणत, धुरपताबाई जेवली म्हणजे ते घर जेवलं.

हे तिला कुणी सांगून शिकवलं नव्हतं. तिचा नवरा सटवाजी साप चावून गेला तेव्हा लेक वैजनाथ अंगणात गोट्या खेळायच्या वयाचा होता. कंधारहून तिच्या माहेरची माणसं पोचायला उशीर झाला होता. गल्लीतली एक म्हातारी, जिच्या तोंडात दात नव्हते, ती समोर बसली आणि बेसनात भाकरी कुस्करून आधी आपण गिळली, मग तिला भरवली. तो घास धुरपताबाई जन्मभर लोकांना परत करत राहिली.

अंगाने ती आधीपासून दणकट होती. घरासमोर राहणारा ईश्वरप्पा, सटवाजीचा लंगोटीयार, तिला बघितलं की सोडायचा नाही.

"वहिनी, तुम्ही बसल्या की आमची ओसरी तिकडं कलती बघा."

"कलू द्या की आप्पा. तुमच्या मयताला दोन दुरड्या खाऊन दाखवते."

"पण आधी जातंय कोण, ते तर बघू!"

ईश्वरप्पाची बायको शिवकांता आतून ओरडायची, "दोघांच्या बी जिभेला हाड न्हाई. सांच्या पारी मरणाचं काय बोलून राहिले!" आणि तिघेही हसायचे.

वैजनाथ मोठा झाला. लातूरच्या एका डाळमिलमध्ये मशीन चालवायला लागला. मोटरसायकलवर जायचा, यायचा. चालताना त्याचा डावा खांदा जरासा खाली झुकलेला असायचा, जणू त्या बाजूने कुणीतरी हात धरला आहे. तनुजा या घरात सून म्हणून आली ती त्या खांद्याकडे बघत. ती गावातल्या अंगणवाडीत सेविका झाली. लेकरांची वजनं करायची, त्यांना खिचडी वाढायची. मूलबाळ अजून नव्हतं, पण घाई कुणालाच नव्हती. सासू-सुनेचं जमायचं. सून आत्या म्हणून हाक मारायची आणि सासू "काय गं पोरी" म्हणून ओ द्यायची.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. वैजनाथला ताप आला, धाप लागली, लातूरला नेलं. तिकडून तो आलाच नाही. त्याचा देहही आला नाही. तिकडेच कुणीतरी त्याला अग्नी दिला. इकडे सासू-सुना दोघींना ताप होता. दाराला पंचायतीने आडवा बांबू बांधला होता. तनुजा आतल्या खोलीत पडलेली, धुरपताबाई स्वयंपाकघरात. फोनवर बातमी आली तेव्हा दोघींच्या मधे एक भिंत होती आणि दोघींनी ती भिंत तशीच ठेवली.

गाव वाईट नव्हतं. गाव भ्यालेलं होतं. ईश्वरप्पा कुंपणावरून दुधाचा तांब्या ठेवून जायचा आणि लांबून ओरडायचा, "वहिनी, दूध घ्या वो!" एवढंच. बाकी कुणी आलं नाही. आजवर ज्यांच्या ज्यांच्या दारात ती दुरडी घेऊन गेली होती, त्यांतलं एकही दार तिच्या दारापर्यंत आलं नाही. येता येत नव्हतं.

त्या दिवसाचं तनुजाला एवढंच आठवतं, की दाराच्या फटीतून एक ताट आत सरकलं. भाकरी, बेसन, कांदा. सासूचा आवाज आला, "खा पोरी." तनुजाने ते ताट पायाने परत बाहेर लोटलं. पुढे त्या ताटाचं काय झालं, हे तिने कधी विचारलं नाही.

बांबू निघाला. दिवस पुन्हा दिवसांसारखे उगवायला लागले. सासू-सुना एकाच घरात राहिल्या, एकाच चुलीवर शिजवलं, पण वैजनाथचं नाव त्या घरात कुणी घेत नव्हतं. धुरपताबाई पुन्हा मयताच्या घरी जायला लागली, पहिल्यापेक्षा जास्त. आणि घरीही खायला लागली. दुपारी खायची, भांडी घासता घासता खायची, उभ्या उभ्या खायची. मयताच्या कागदांसाठी सरकारी माणूस आला, गेला, की खायची. मोटरसायकलचा आवाज रस्त्याने आला की उठून डब्यात हात घालायची. अंग वाढत गेलं. गुडघे गेले, साखर लागली, झोपेत श्वास अडकायला लागला. अंगणवाडीत लेकराचं वजन भरलं नाही म्हणून आयांना रागावणारी तनुजा घरी आली की सासूच्या श्वासाकडे कान लावून बसायची. या घरातलं एक माणूस श्वास अडकून गेलं होतं. दुसरं जाऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी धरलं.

डाळमिलकडून वैजनाथमागे आलेले पैसे बँकेत तसेच होते. त्यांना हात लावायला दोघींचंही मन होत नव्हतं. तनुजाने लावला. लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यात सासूचं पोट लहान करायचं ऑपरेशन ठरलं.

डॉक्टर सरळ माणूस होता. तो म्हणाला, "आजी, पोट मी लहान करून देतो. केळ्याएवढं राहील. पण खाण्याचं मन मला लहान करता येत नाही. वरच्या मजल्यावर लुंबिनी मॅडम बसतात, समुपदेशन करतात. ऑपरेशनआधी भेटा आणि नंतर वर्षभर भेटत राहा. हे टाळू नका."

बाहेर आल्यावर धुरपताबाईने विचारलं, "ते वरच्या माडीवर काय असतंय?"

"मनाचं विचारतात म्हणे."

"म्हंजे खुळ्याचा डाक्टर?"

तनुजाला त्या दिवशी घाई होती. बस चुकली असती. आणि खरं म्हणजे तिलाही तेच वाटलं होतं. आपली सासू सगळ्या मुलखाला धीर देणारी बाई, तिला कोण काय समजावणार? एकदा वर गेल्या, सही झाली. मॅडमने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला धुरपताबाईने "समदं बरं हाय" म्हणून सांगितलं आणि दोघी खाली आल्या. पुढच्या तारखांना तनुजा सासूला डॉक्टरांकडे नेत राहिली, वर मात्र नेलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. धुरपताबाई घरी आली आणि गावाने आपल्या मनाप्रमाणे तिचं केलं. पोटावर टाके घेऊन बाई आली म्हणजे तिला काय द्यायचं, हे गावाला एकच ठाऊक. बाळंतिणीचं. कुणी डिंकाचे लाडू आणले, कुणी हाळिवाची खीर, कुणी तुपातला शिरा. कोरोनात जे दारापर्यंत येऊ शकले नव्हते ते सगळे आता आले. तनुजा दारात उभी राहून हात जोडायची, "पातळ वरणाचं पाणीच चालतंय वो, दुसरं न्हाई चालत." बाया म्हणायच्या, "आगं, अंगात ताकद नको का यायला? तू काल आलेली पोरगी, तुला काय कळतंय!"

ईश्वरप्पा मात्र रिकाम्या हाताने आला. ओसरीवर बसून म्हणाला, "वहिनी, अर्धं पोट लातुरात ठेवून आल्या म्हणं. आता मी मेलो तर माझ्या घरच्यायला कोण जेवू घालावं?"

"उरलेल्या अर्ध्यानं घालते की!"

सगळे हसले. पण तनुजाला सासूच्या डोळ्यांत काहीतरी हललेलं दिसलं.

वजन उतरायला लागलं. गालांवरचं मांस गेलं, हनुवटी वर आली, खांद्यांची हाडं दिसू लागली. आणि एके दिवशी सासू अंगणात पाठमोरी उभी राहून कपडे झटकत होती, तेव्हा तनुजाच्या हातातला तांब्या खाली पडला. ती पाठ वैजनाथची होती. तोच डावा खांदा, तसाच झुकलेला. इतकी वर्षं तो मांसाखाली दडलेला होता. तनुजाने तांब्या उचलला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

पुढे वजन उतरायचं थांबलं. मग उलटं चढायला लागलं. ताटात तर वाटीभरसुद्धा जात नव्हतं, तनुजा समोर बसून बघत होती. मग हे येतंय कुठून? ते मुंग्यांनी सांगितलं. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याच्या पदराला मुंग्यांची काळी ओळ लागलेली होती. तनुजाने पदराची गाठ सोडली. आत गुळाचा चिकट राप होता. भाकरी अडायची, गूळ अडत नव्हता. खडा तोंडात धरला की विरघळून आपोआप खाली उतरायचा. दिवसभर, एकामागून एक.

"आत्या, हे काय हाय?"

"काय न्हाई. तोंडाला कोरड पडती."

"तुम्हाला जगायचं हाय का न्हाई?"

धुरपताबाईने पदर तिच्या हातून ओढून घेतला. "मला इचारून राहिली? ज्याला जगायचं होतं त्याला इचारलं होतं का कुणी?"

त्या घरात इतक्या दिवसांनी वैजनाथ आला तो असा, आणि लगेच निघूनही गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खालच्या गल्लीतल्या ग्यानोबाची तरणी लेक वारली. तनुजा अंगणवाडीत होती तेवढ्यात बोलावणं आलं आणि धुरपताबाई गेली. ग्यानोबाची बायको तोंड मिटून बसली होती. धुरपताबाईने मांडी घातली, ताट मधे ओढलं आणि घास घेतला. पहिल्याने छातीत अडलं. दुसऱ्याने डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी तिने तिसरा घेतला, चौथा घेतला, कारण समोरची बाई अजून तोंड उघडत नव्हती. मग तिथेच, दुःखाच्या बाईच्या पुढ्यात, तिला ओकारी झाली. रडणाऱ्या बायका उठून तिलाच धरायला लागल्या. ग्यानोबाची बायको लेकीचं मरण बाजूला ठेवून हिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. जीपमधून लातूरला नेताना धुरपताबाई एकच म्हणत होती, "तिनं घास घेतला न्हाई. तिनं घास घेतला न्हाई."

सलाईन लागलं. पोटात पाणी राहीना. डॉक्टरने तनुजाला बाजूला घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "ताई, असं परत झालं तर मला पुढचं सांगता येणार नाही. तुम्ही वर का गेला नाहीत?"



लुंबिनी स्वतःच खाली आली, खुर्ची ओढून खाटेजवळ बसली. किनवटकडची पोरगी. आईबाप मजुरीला, ही आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेली, शिकत शिकत इथवर आलेली. साधी सुती साडी, आवाज हळू.

धुरपताबाईने तोंड फिरवलं. "बाई, मी खुळी न्हाई."

"नाहीच मावशी. मी तुम्हाला एकच विचारते. तुम्ही गूळ खाता, तेव्हा भूक कुठं लागलेली असते? हात ठेवून दाखवा."

असला सवाल तिला कुणी केला नव्हता. धुरपताबाईने हात उचलला, पोटाकडे नेला, आणि तो तिथे थांबला नाही. वर वर सरकत गळ्याशी येऊन टेकला.

"हितं," ती म्हणाली. मग स्वतःच दचकली. "डाक्टरनं तर पोट कापलं. हे हितलं कुणी कापावं?"

"ते कापायचं नाही. ते काय म्हणतंय, ते आपण विचारू. एका दिवसात सांगणार नाही ते."

आणि खरंच एका दिवसात सांगितलं नाही. तनुजा आता तारीख चुकवत नव्हती. शिरूरहून बस धरायची, दवाखान्याचा जिना सासू कठड्याला धरून चढायची. खोलीत दोन खुर्च्या, एक बाक आणि खिडकीतून दिसणारं चिंचेचं झाड. कधी धुरपताबाई नुसती त्या झाडाकडे बघून परत यायची. कधी गुळाचं कबूल करायची, कधी खोटं बोलायची आणि पुढच्या खेपेला ते खोटं होतं म्हणून सांगायची. लुंबिनी रागवायची नाही. "त्या आधी काय झालं होतं, मावशी?" एवढंच विचारायची. त्या आधी काहीतरी झालेलं असायचंच. रस्त्यावरून मोटरसायकल गेलेली असायची. कुणाच्या तरी लेकाचं लग्न ठरलेलं असायचं.

एकदा बोलता बोलता ती रंगात आली आणि कडू घासाचं सांगायला लागली. कुठल्या गावात कोण कसं हटून बसलं होतं, कुणाला कसं जेवू घातलं, सगळं. लुंबिनी ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "सटवाजी काका गेले तेव्हा तुम्हाला त्या म्हातारीनं भरवलं. आणि वैजनाथच्या वेळी कुणी आणला?"

तनुजा बाकावर आकसून बसली.

"कुणी न्हाई," धुरपताबाई म्हणाली. मग पुढे बोलली, लुंबिनीकडे नाही, चिंचेकडे बघत. "मयताच्या घरी चूल पेटवायची नसती. मी पेटवली. पोरगी तापानं फणफणली होती, तिला काय देऊ? भाकरी टाकल्या, बेसन केलं. तीन ताटं वाढली. एक हिचं, एक माझं, अन् एक त्याचं. हिनं ताट लोटून दिलं. त्याचं तर तसंच होतं. कडू घास टाकून देत न्हाईत. तिन्ही ताटं मी खाल्ली. उभ्यानं. कोण बसावं समोर? समोर कोण हाय?"

"मग रडलात?"

धुरपताबाईने लुंबिनीकडे असं बघितलं, जणू ही गोष्ट तिला आताच कळली होती.

"न्हाई. आधी घास, मग रडणं. मीच सांगते ना समद्यायला. तर ते खाणंच संपलं न्हाई, बाई. अजून संपलं न्हाई. रडायची पाळीच आली न्हाई."

ती तेव्हाही रडली नाही. तिने पाणी मागितलं आणि लहान लहान घोटांनी प्याली, शिकवलं होतं तसं. रडली ती तनुजा. बाकावर, तोंडात पदर कोंबून. कारण ते ताट तिच्या पायाने लोटलेलं होतं.

जाताना लुंबिनी दोघींना म्हणाली, "गळ्यापाशी ओढ लागली, की डब्याकडं जायच्या आधी एकमेकींकडं जा. त्याचं काहीतरी बोला. काहीही. भाजीचं बोलल्यासारखं बोला." आणि धुरपताबाईला वेगळं थांबवून विचारलं, "मावशी, न खाता कुणाच्या दुःखात बसता येईल का तुम्हाला?"

"रिकाम्या तोंडानं? मग मी कोण?" धुरपताबाई म्हणाली. या सवालाला तिने पुढच्या खेपेलाही उत्तर दिलं नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही.

घरी बोलणं सोपं नव्हतं. नाव जिभेवर यायचं आणि परत फिरायचं. मग एका सकाळी तनुजा भाकरी करत होती. तव्यावर भाकरी टम्म फुगली. धुरपताबाई जवळ बसली होती. तिने हात पुढे केला, भाकरीचा वरचा पापुद्रा अलगद सोलला आणि त्याकडे बघत राहिली.

"एवढंच खायचा बघ तो," ती म्हणाली. "ल्हान होता तव्हा. दुरडीतल्या समद्या भाकरीचे पापुद्रे सोलून खायचा अन् खालच्या भाकरी माझ्या बोडख्यावर. लई मारलंय मी त्याला. म्हनायचा, माय, खालचं तुला, वरचं मला."

तनुजाला हसू आलं. "मला बी असंच करायचे वो. लग्न झाल्यावर बी. मी लाजून काही बोलायची न्हाई."

"तुला बी?" धुरपताबाई हसली. "मेला वांड!"

आता तिच्या पोटात मावत होता तो एवढाच, एक पापुद्रा. हसता हसता तिचा चेहरा फाटल्यासारखा झाला आणि आतून जो आवाज निघाला तो तनुजाने आजवर दुसऱ्यांच्या घरीच ऐकला होता. धुरपताबाई परातीवर वाकून ओरडत होती, परातीतल्या पिठाने भरलेले हात कपाळावर मारून घेत होती. तव्यावरची भाकरी करपली. सवयीने तनुजाच्या हातात घास आला होता. शेजारच्या ताटातल्या बेसनात बुडवलेला. सासूच्या तोंडापर्यंत नेला असता तर हे रडणं थांबलं असतं, हे तिला कळत होतं. तिने तो घास परत ताटात ठेवला, चूल विझवली आणि सासूच्या पाठीला पाठ लावून बसून राहिली. समोरच्या ओसरीवर ईश्वरप्पा आणि शिवकांता उभे राहून ऐकत होते. येऊ की नको, असं त्यांचं झालं होतं. मग शिवकांता आली, आत न येता उंबऱ्यावर बसली आणि तिनेही डोळ्याला पदर लावला.

त्यानंतर सगळं सुधारलं असं नाही. मुंग्या अधूनमधून पदराला लागायच्या. तनुजा पदर धुवायची आणि विचारायची, "आज काय झालतं?" कधी उत्तर मिळायचं, कधी नाही. पण वजन चढायचं थांबलं होतं, आणि झोपेतला श्वास सरळ चालत होता. मयताचं बोलावणं आलं की तनुजाच "आत्याला बरं न्हाई" म्हणून सांगायची. धुरपताबाई आत बसून ते ऐकायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही. बाया आता दुसऱ्या कुणाला तरी न्यायच्या. कुठल्या घरी कोण जेवलं, कोण नाही, हे तिला कुणी सांगायला येत नव्हतं.

हिवाळा सरता सरता शिवकांता गेली. दळण आणायला म्हणून निघाली आणि गिरणीच्या पायरीवर बसली ती उठलीच नाही. लिंगायत घर, त्यांच्या रीतीने बसवून माती दिली. माणसं परतली. दुपारी ईश्वरप्पाची सून आरती ओल्या केसांनीच दारात आली.

"काकू, आप्पा बोलेनात. रडंनात, पाणी घेईनात. नुसते भिंतीकडं बघून राहिले. तुम्ही या. तुमच्याबिगर न्हाई व्हायचं."

तनुजा मधे आली. "आरती, तुला ठाऊक हाय ना ग्यानोबाच्या घरी काय झालतं ते?"

"हाव, पण—"

"जाऊ दे तिला," धुरपताबाई आतून म्हणाली. "तू हो पुढं पोरी, मी आले."

ती उठून चुलीपाशी गेली. भाकरी तनुजाने सकाळीच करून ठेवल्या होत्या. समोरच्या घरी कडू घास द्यायचाच होता. धुरपताबाईने त्या दुरडीत रचल्या, बेसनाचं पातेलं फडक्यात बांधलं. मग वरच्या भाकरीचा पापुद्रा सोलला, तो दोन बोटांत धरून तनुजापुढे केला.

"तू भरीव."

तनुजाला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने पापुद्रा बेसनाला लावला, सासूच्या समोर मांडी घालून बसली आणि त्यातला अर्धा तिच्या तोंडात घातला. धुरपताबाईने तो पुष्कळ वेळ चावला. उरलेला अर्धा तिने तनुजाला भरवला. एवढ्या वर्षांनी त्या घरातला कडू घास झाला. तनुजाला तो कडूच लागला.

"बास," धुरपताबाई म्हणाली. "माझं जेवण झालं. आता तिथं मला काय खायचं न्हाई."

"मी येते संगट."

"तू नको. तू माझ्याकडं बघत बसशील, मी तुझ्याकडं. मग आप्पाकडं कोण बघंल?"

"आणि त्यांनी घास घेतला न्हाई तर? ग्यानोबाच्या बायकोवानी?"

धुरपताबाई दुरडी कमरेवर घेत होती. ती थांबली. "न्हाई घेतला तर न्हाई. माझ्या हातात काय हाय पोरी? शिवकांता माझी बी होती. बसते जवळ. म्हणते, आप्पा, आधी रडून घ्या. भाकरी हाय, ती कुठं जात न्हाई."

तिने पदर सावरला. तनुजाची नजर आपोआप पदराच्या गाठीकडे गेली. धुरपताबाईने ते बघितलं, गाठ सोडून पदर झटकून दाखवला आणि उंबरा ओलांडला.

गल्ली रुंद नव्हती. चार पावलं टाकली की समोरची ओसरी. पण पुढचं दार बायकांनी भरलेलं होतं, म्हणून ती वळसा घालून लिंबाच्या झाडाकडून मागच्या दाराला निघाली. लुगडं अंगावर ढगळ झालं होतं, दुसऱ्या कुणाचं तरी नेसल्यासारखं. कमरेवरच्या दुरडीने डावा खांदा आणखी खाली गेला होता. तनुजा चौकटीला धरून उभी होती. वैजनाथ असाच निघायचा, असाच, पाठ दाखवून, आणि ती अशीच इथे उभी राहायची. हाक मारावी असं तिला वाटलं. जाणाऱ्याला मागून हाक मारत नाहीत, म्हणून तिने ओठ मिटून घेतले. तो खांदा लिंबाच्या सावलीत शिरला, सावलीतून निघाला, भिंतीच्या कोपऱ्यापाशी एकदा थबकला आणि पलीकडे गेला. तनुजा बघत राहिली.